फॉर्म कोणाचा, हे आधी

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी मोबाइलवर एक मजकूर टाइप होऊ लागतो : 'नॉन क्रिमिलेयर फॉर्म पीडीएफ डाउनलोड'. कुणी क्रिमिलेअर लिहितं, कुणी क्रीमीलेयर. गूगल बापडं सगळ्यांना समजून घेतं आणि दहा-बारा पानं पुढ्यात टाकतं. त्यातलं पहिलं उघडावं तर वर ठळक अक्षरांत 'नवीन फॉर्म', खाली जाहिराती, मध्येच टेलिग्रामचं निळं बटण, आणि बरंच खाली सरकल्यावर एकदाची पीडीएफ. ती छापून, भरून, फोटो चिकटवून वडील सेतू केंद्रावर जातात. काउंटरमागचा मुलगा कागद उलटून बघतो आणि म्हणतो, "काका, हा नाही चालत. हे आता ऑनलाइन भरायचं असतं. आणि तुम्हाला राज्याचं पाहिजे का केंद्राचं?"

त्याचा हा प्रश्न पहिल्या वाक्यापेक्षा महत्त्वाचा आहे. नॉन-क्रिमीलेयर या एकाच नावाखाली दोन वेगळे कागद फिरतात. राज्यातल्या महाविद्यालयांचे प्रवेश, राज्याच्या सीईटी, एमपीएससी यांना राज्याच्या नमुन्यातला दाखला लागतो. आयआयटी, नीटचा अखिल भारतीय कोटा, यूपीएससी, कर्मचारी निवड आयोग, राष्ट्रीयीकृत बँकांतली भरती इथे केंद्राचा नमुना लागतो. केंद्राच्या नमुन्यात कार्मिक विभागाच्या ८ सप्टेंबर १९९३च्या ज्ञापनाचा उल्लेख असतो. तेवढं बघितलं तरी कागद कुठला ते कळतं. शिवाय राज्याची इतर मागासवर्गाची यादी आणि केंद्राची यादी यांत फरक आहे. विमुक्त जाती-भटक्या जमाती हा महाराष्ट्रातला स्वतंत्र आरक्षण गट केंद्राच्या आरक्षणात त्या नावानं नाहीच. म्हणजे मुलगा पुण्यात अभियांत्रिकीला जाणार की पवईच्या आयआयटीला, यावर कागद बदलतो. गूगलला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

फॉर्म शोधताना होणाऱ्या बहुतेक चुका अशाच असतात. आपण कागद शोधायला निघतो. तो कागद कोणत्या कायद्याखाली, कोणत्या खात्याचा, कोणत्या कामासाठी, हे ठरवलेलं नसतं. ते ठरलं की सर्च इंजिनाचं काम पाच मिनिटांचं उरतं. आणि ते ठरलं नसेल, तर इंजिन आपल्याला हवं तेवढा वेळ फिरवत राहतं, कारण फिरवण्यासारखी पानं त्याच्याकडे भरपूर आहेत.

सरकारी पान मागे का पडतं

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल सुरू केलं तेव्हा त्यामागची मूळ कल्पना अशी होती, की एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणत्या पानांनी बोट दाखवलं आहे यावरून त्या पानाची पत ठरवायची. पुढे त्यात शेकडो गोष्टींची भर पडली. वाचकानं टाइप केलेले शब्द पानावर आहेत का, शीर्षकात आहेत का, पान ताजं आहे का, मोबाइलवर नीट दिसतं का, असं पुष्कळ काही आता मोजलं जातं.

या परीक्षेत खासगी ब्लॉगवाला पहिल्या वर्गात पास होतो. लोक जे शब्द टाइप करतात तेच तो शीर्षकात घालतो, तिन्ही-चारही स्पेलिंगांसकट. दर जानेवारीत शीर्षकातलं साल बदलतो; आतला मजकूर तोच राहिला तरी चालतो. उलट सरकारी संकेतस्थळावर त्याच दाखल्याच्या पानाचं शीर्षक नुसतंच 'मुखपृष्ठ' असतं, आणि पीडीएफचं नाव 'स्कॅन शून्य-शून्य-तीन'. दाखल्याचं नावही तिथे लोकांच्या तोंडचं नसतं. नॉन-क्रिमीलेयर हा बोलीतला शब्द. शासनाच्या कागदावर 'उन्नत व प्रगत व्यक्ती किंवा गट यांत मोडत नसल्याचे प्रमाणपत्र' अशा धाटणीचं नाव असतं. डोमिसाइल तिथे 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' होतं. कास्ट व्हॅलिडिटी 'जात वैधता प्रमाणपत्र' होते. आपण फॉर्म म्हणतो, तर शासन कधी नमुना म्हणतं, कधी विहित नमुना, प्रपत्र, परिशिष्ट, जोडपत्र, विवरणपत्र. माहितीच्या अधिकाराचा अर्ज महाराष्ट्राच्या नियमांत 'जोडपत्र अ' आहे. तो 'आरटीआय फॉर्म' म्हणून शोधणाऱ्याला आधी दिल्लीचं, कर्नाटकाचं, कुठलं कुठलं सापडतं. आणि तो चुकीचा कागद वापरला तर फटकाही बसतो, कारण महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, ही मर्यादा आहे. दुसरीकडचा नमुना पाहून चार पानी अर्ज लिहिणाऱ्याला ती माहीतच नसते.

म्हणून पहिला शोध घ्यायचा तो कागदाच्या सरकारी नावाचा. त्यासाठी ब्लॉग वाचायला हरकत नाही. ब्लॉगवाला बहुधा ते नाव, खातं आणि कधी कधी शासन निर्णयाची तारीखही देतो. तेवढं टिपून घ्यायचं आणि त्याच्या पानावरून बाहेर पडायचं. त्याची पीडीएफ मात्र घ्यायची नाही. ती बरोबर असेलही, पण ती कधीची आहे हे त्यालाही ठाऊक नसतं.

अजून एक. शोधाच्या निकालात सगळ्यात वर जे येतं त्यावर पुष्कळदा 'प्रायोजित' असा बारीक शिक्का असतो. ती जाहिरात. पैसे देऊन घेतलेली जागा. पासपोर्ट, पॅन, उद्योग नोंदणी यांच्या बाबतीत तिथे मध्यस्थांची गर्दी असते. परराष्ट्र मंत्रालयानं पासपोर्टच्या अधिकृत संकेतस्थळावरच बनावट स्थळांपासून सावध राहण्याची सूचना दिलेली आहे, यावरून प्रकरण किती पुढे गेलंय ते समजावं. प्रौढ व्यक्तीच्या ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. कुणी फॉर्म उघडायचेच वेगळे पैसे मागत असेल तर तो मंत्रालयाचा माणूस नव्हे. हल्ली जाहिरातींच्याही वर एआयनं जुळवलेलं उत्तर दिसतं. कागदाचं नाव कळण्यापुरतं ते ठीक. फी, मुदत, जोडायची कागदपत्रं या गोष्टींत ते एका राज्याचं दुसऱ्या राज्याला लावून मोकळं होतं, आणि तेही ठाम सुरात.

साइट, कोलन, जीओव्ही डॉट इन

आता हत्याराकडे येऊ. गूगलच्या खिडकीत काही आज्ञा देता येतात. त्यातली एकच शिकायची असेल तर ही : रोमन लिपीत 'साइट' लिहायचं, त्याला चिकटून कोलन, आणि मोकळी जागा न सोडता 'जीओव्ही डॉट इन'. मग एक जागा सोडून आपले मराठी शब्द. आज्ञा रोमन अक्षरांतच हवी, शोधशब्द देवनागरीत चालतात. असं केलं की शोध फक्त त्या पत्त्याखालच्या पानांत होतो. टेलिग्रामची बटणं एका झटक्यात नाहीशी होतात.

जीओव्ही डॉट इन का? कारण हा शेपटा कुणालाही विकत घेता येत नाही. साधा 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' काही शे रुपयांत कुणीही घेतो. 'डॉट ओआरजी' म्हणजे संस्था असेल असं लोकांना वाटतं, पण तेही कुणालाही मिळतं. जीओव्ही डॉट इन मात्र केवळ शासकीय यंत्रणांना मिळतो आणि त्याची नोंदणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे १९७६ साली स्थापन झालेलं एनआयसी, करतं. जुन्या काळची काही सरकारी स्थळं 'एनआयसी डॉट इन'वर आहेत, तीही खरीच.

पत्ता वाचताना डावीकडून न वाचता उजवीकडून वाचायचा. सुरुवातीच्या दोन जोडलेल्या तिरक्या रेघा सोडल्या, तर पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटचे तुकडे असतात तेच मालक सांगतात. 'महाराष्ट्र-जीओव्ही-इन डॉट कॉम' यात महाराष्ट्र आहे, जीओव्ही आहे, पण मालकी डॉट कॉमवाल्याची आहे. पत्त्याशेजारच्या कुलपावर भरवसा ठेवायची सवय अनेकांना लागली होती. कुलूप एवढंच सांगायचं की मधल्या वाटेत कुणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला भामटा आहे की तहसीलदार, हे ते सांगत नव्हतं. लोकांचा हाच गैरसमज पाहून गूगलनं २०२३ साली आपल्या क्रोममधून ते कुलपाचं चिन्ह काढूनच टाकलं.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते माहीत हवेत. पॅनचं काम आयकर खात्यानं प्रोटिअन आणि यूटीआयआयटीएसएल या दोन संस्थांना दिलंय. त्यांची स्थळं जीओव्ही डॉट इनवर नाहीत, तरी अधिकृत आहेत. अशा वेळी आयकर खात्याच्या स्थळावर जायचं आणि तिथल्या दुव्यावरून पुढे सरकायचं. जाता जाता : आधार क्रमांक आणि त्याला जोडलेला मोबाइल असेल तर ई-पॅन आयकर खात्याच्या स्थळावर फुकट मिळतं. छापील कार्ड घरपोच हवं तर त्याची फी वेगळी. विद्यापीठांचे फॉर्म 'एसी डॉट इन'वर असतात. तो शेपटाही शिक्षणसंस्थांपुरताच राखलेला आहे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं 'बँक डॉट इन' हा राखीव शेपटा आणला आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत सगळ्यांनी तिथे यावं असं बजावलं. तेव्हा बँकेचा केवायसीचा फॉर्म शोधताना पत्त्याच्या शेवटी 'बँक डॉट इन' दिसतंय का, ते बघा.

जीओव्ही डॉट इनचा शोध सगळ्या देशाचा असतो, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज शोधला तर बिहार आणि राजस्थानही हजर होतात. शोधात 'महाराष्ट्र' किंवा 'तहसीलदार' असा एखादा इथला शब्द घालावा. 'साइट कोलन'च्या पुढे थेट 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' लिहिलं तर शोध आणखी आवळतो, पण मग महाभूमी, महाफूड, महाऑनलाइन ही राज्याचीच पण वेगळ्या पत्त्यावरची स्थळं निसटतात. आधी रुंद जाळं, मग अरुंद.

बाकीच्या आज्ञा दोन-चारच कामाच्या. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणात घालायचा. म्हणजे 'स्वयंघोषणापत्र' मागितलं असताना नुसत्या 'घोषणा' येत नाहीत. 'फाइलटाइप' लिहून कोलन आणि पीडीएफ लिहिलं की फक्त पीडीएफ येतात. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह लावलं की ती पानं गळतात. आणि निकालांच्या वर 'टूल्स' म्हणून जे असतं त्यात काळ निवडता येतो, गेल्या वर्षभरातलं, गेल्या महिन्यातलं. हा काळाचा चाप लोक सहसा वापरत नाहीत. तो का वापरायचा, ते पुढे येतं आहे.

मेलेले फॉर्म

मतदार यादीतलं उदाहरण घ्या. एकाच विधानसभा मतदारसंघात घर बदललं तर पूर्वी नमुना ८अ भरायचा. दुसऱ्या मतदारसंघात गेलं तर नमुना ६, म्हणजे नवा मतदार भरतो तोच. १ ऑगस्ट २०२२पासून हे बदललं. नमुना ८अ बाद झाला. आता घर कुठेही बदला, मतदारसंघाच्या आत की बाहेर, नावातली चूक दुरुस्त करायची असो, हरवलेलं ओळखपत्र पुन्हा हवं असो की दिव्यांग अशी नोंद करायची असो, सगळ्याला एकच नमुना ८. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्याचा. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी ६अ, नाव वगळण्यासाठी किंवा नावावर हरकत घेण्यासाठी ७.

कायद्यानं नमुना ८अ मेला, पण इंटरनेटवर तो मरत नाही. जिल्ह्यांच्या जुन्या पानांवर, शाळांच्या ब्लॉगवर, कुणा नगरसेवकानं कधीकाळी टाकलेल्या पीडीएफमध्ये तो आहे तसा आहे. आणि इथे जीओव्ही डॉट इनची युक्तीही पुरी पडत नाही, कारण सरकारी स्थळांवरही जुने कागद कुणी काढत नाही. खात्याचं नवं स्थळ तयार होतं, जुनं तसंच चालू राहतं, आणि गूगलच्या लेखी दोन्ही सरकारीच. फॉर्म अधिकृत आहे आणि फॉर्म चालू आहे, या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात.

चालू आहे का हे बघायला फॉर्मचाच तळ आणि माथा वाचावा. वर नियमाचा क्रमांक असतो, तळाशी कधी सुधारणेचं वर्ष. जिल्ह्याचं नाव औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलेलं असेल तर फॉर्म निदान २०२३च्या नामांतराच्या आधीचा आहे हे उघड आहे. आयकराच्या बाबतीत तर आता जास्तच जपायला हवं. १९६१च्या कायद्याची जागा घेणारा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६पासूनचा. कायदा बदलला की नियम आणि नमुनेही नव्याने येतात. वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेले क्रमांक शोधात टाकताना काळाचा चाप लावलेला बरा.

राज्य शासनाच्या बाबतीत खात्री करायची एक फार चांगली सोय आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत असते. प्रत्येक शासन निर्णयाच्या, म्हणजे जीआरच्या, शेवटी एक १८ अंकी संकेतांक दिलेला असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे तारीख : आधी साल, मग महिना, मग दिवस. शासन निर्णयांच्या स्थळावर हा संकेतांक टाकला की मूळ जीआर उघडतो, आणि पुष्कळ फॉर्म या जीआरांची परिशिष्टं म्हणूनच जन्माला आलेले असतात. दाखल्यांसाठी स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र बंद करून साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालेल असं शासनानं २०१५ साली ठरवलं. त्याचा नमुना असाच जीआरला जोडलेला आहे. तरीही तहसीलच्या बाहेर स्टॅम्पपेपर घ्यायला लावणारे भेटतात. अशा वेळी त्या जीआरची छापील प्रत खिशात असली की वाद फार लांबत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेला जीआर खरा का खोटा हेही याच संकेतांकानं कळतं. संकेतांक नसेल किंवा त्यातली तारीख वरच्या तारखेशी जुळत नसेल तर पुढे ढकलू नका.

व्हॉट्सअॅपचा विषय निघालाच आहे तर एक कडक नियम. सरकारी फॉर्म कधीही 'एपीके' फाइल म्हणून येत नाही. आरटीओचं चलान, पीएम किसानचा हप्ता, अशा नावांनी या फाइली येतात. त्या उघडल्या की फोनमध्ये अॅप बसतं आणि ओटीपी भलतीकडे जाऊ लागतात. पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, दुसऱ्या दिवशी नव्हे.

जे गूगलला दिसतच नाही

कधी कधी सगळं बरोबर लिहूनही काही सापडत नाही. कागद असतो, पण गूगलला वाचता येत नाही. याला आपल्या लिपीचा इतिहास कारणीभूत आहे. युनिकोड रुळण्याआधी सरकारी कचेऱ्यांत मराठी मजकूर कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटांत टाइप होत असे. त्यात पडद्यावर 'अर्ज' दिसतं, पण आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा असतो. अशा पीडीएफमधली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून बघा, लगेच समजेल. यंत्राच्या दृष्टीनं त्या पानावर मराठीचा एकही शब्द नाही. दुसरा प्रकार म्हणजे कागद छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून चढवायचा. ते तर नुसतं चित्र. यंत्र त्यातली अक्षरं कधी ओळखतं, कधी जोडाक्षरांवर अडखळतं.

अशा ठिकाणी शोध सोडून द्यावा आणि खात्याच्या स्थळावर पायी हिंडावं. दोन दारं जवळजवळ सगळीकडे असतात. एक 'नागरिकांची सनद' : कोणती सेवा, कोणते कागद, किती फी, किती दिवस, हे त्यात असतं. दुसरं 'माहितीचा अधिकार'. २००५च्या कायद्याच्या कलम ४नुसार प्रत्येक कार्यालयाला १७ बाबी स्वतःहून जाहीर कराव्या लागतात. त्यात नियम, कामाची पद्धत, अधिकाऱ्यांची पदं आणि संपर्क येतात. फॉर्म नाही मिळाला तरी तो कोणाच्या टेबलावर मिळेल हे तिथे मिळतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली आल्यापासून अधिसूचित सेवांसाठी पदनिर्देशित अधिकारी, मुदत आणि अपील कोणाकडे करायचं हेही जाहीर असतं.

आणि पुष्कळदा कागद नसतोच. राज्याच्या 'आपले सरकार' या स्थळावर खातं उघडून, आत शिरून, एकेक रकाना भरायचा असतो. लॉगिनच्या पलीकडलं काहीच गूगलला दिसत नाही, त्यामुळे कोरी पीडीएफ शोधणारा जन्मभर शोधत राहतो. इथे सेवेचं नाव शोधायचं, फॉर्म हा शब्द गाळायचा. मृत्युपत्राची गंमत वेगळी. 'मृत्युपत्र सरकारी फॉर्म' असा काही प्रकारच नाही. साध्या कागदावर लिहिलं, सही केली आणि दोन साक्षीदारांनी सह्या केल्या की झालं. स्टॅम्पपेपरसुद्धा लागत नाही.

सातबाऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तो सगळ्यांना लागतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र आले की सातबारा, म्हणजे तोही तलाठी दप्तरातला फॉर्मच. महाभूलेखच्या स्थळावर तो फुकट बघता येतो, पण त्यावरच लिहिलेलं असतं की हा माहितीपुरता आहे. बँकेत, कोर्टात, दस्त नोंदणीला चालणारा डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या वेगळ्या स्थळावर १५ रुपयांत मिळतो. फुकटचा छापून बँकेत गेलेला माणूस हमखास परत येतो.

पण हे झालं महाराष्ट्रापुरतं. सावंतवाडीच्या माणसाची पेडण्यात जमीन असली आणि त्यानं गोव्याच्या स्थळांवर सातबारा शोधला, तर हाती काही लागणार नाही. तिथे त्याच कामाच्या कागदाला 'फॉर्म एक आणि चौदा' म्हणतात. बेळगावात उतारा म्हटलं तरी समजतं, पण संगणकात तो 'आरटीसी' किंवा 'पहाणी' या नावानं आहे आणि कर्नाटकाच्या भूमी प्रकल्पात आहे. गुजरातेत मात्र सातबारा सातबाराच. नवसारी-बडोद्याकडच्या मराठी कुटुंबांना नाव बदलावं लागत नाही, फक्त स्थळ बदलावं लागतं. परदेशातल्या मंडळींनी तर शोधात त्या देशातल्या भारतीय दूतावासाचं नाव घातल्याशिवाय सुरुवातच करू नये. ओसीआय असो की हयातीचा दाखला, प्रत्येक दूतावासाच्या जोडकागदांच्या मागण्या थोड्या वेगळ्या असतात. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्यांनी पॅनसाठी भारतीय नागरिकांचा फॉर्म भरायचा नसतो, त्यांचा वेगळा आहे. भारतीय पासपोर्ट असलेले अनिवासी मात्र इथल्यांचाच भरतात.

शेवटी, हे वाचणाऱ्यांत जिल्हा परिषदेत, महापालिकेत, तहसीलमध्ये स्थळं सांभाळणारे कर्मचारीही असतील. त्यांना एक विनंती. फॉर्म चढवताना तो युनिकोडमध्ये टाइप केलेला असू द्या, सही-शिक्क्याचं स्कॅन नको. फाइलीला कागदाचं नाव द्या, आणि त्यात लोक बोलतात तो शब्दही येऊ द्या. वर जीआरची तारीख घाला. आणि नवा फॉर्म ज्या दिवशी चढवाल त्याच दिवशी जुना काढून टाका.